घनसाळ आजऱ्याचाच का? एनआयआरवर तपासायचं तर

तांदूळ मागू नका, भात मागा, म्हणजे न सडलेला, सालासकट दाणा. आजरा घनसाळ ओळखायला शिकायचं म्हणून कुणी आमच्या प्रयोगशाळेत आलं की मी आधी हेच सांगते. 2016 साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेला हा कोल्हापूरकडच्या आजरा तालुक्यातला सुवासिक तांदूळ. एका गावचं भात बहुधा एकाच गिरणीत सडलं जातं. कोंडा किती गेला, कणी किती झाली, सगळं त्या गिरणीच्या हातात. एनआयआरला, म्हणजे नमुन्यावर जवळचा अवरक्त प्रकाश टाकून तो किती शोषला गेला ते मोजणाऱ्या यंत्राला, पॉलिशमधला हा फरक लख्ख दिसतो, आणि त्या मोजमापांवर शिकवलेलं संगणकी मॉडेल गावाच्या नावाखाली गिरणीच ओळखत बसतं. म्हणून भात आणायचं आणि सगळं आपल्याच एका यंत्रावर, तेवढाच वेळ सडायचं.

तुलनाही घनसाळची घनसाळशीच. शेजारच्या चंदगड, भुदरगडातला त्याच वाणाचा नमुना मिळवा. समोर इंद्रायणी ठेवलीत तर निकाल झकास येईल, पण तो वाणाचा. निदान दोन हंगामांचं भात हवं, नाहीतर पावसाचा फरक मातीच्या खात्यावर जमा होतो.

तांदूळ दळून 1 मिमीच्या चाळणीतून काढा आणि ओलावा सारखा होईपर्यंत सगळे नमुने एकाच खोलीत राहू द्या. पाण्याचे 1450 आणि 1940 नॅनोमीटरजवळचे पट्टे इतके दांडगे, की आषाढात उघडी राहिलेली पिशवी थेट दुसऱ्या तालुक्यात जाऊन बसते! प्रत्येक नमुना तीनदा स्कॅन करा. कप नुसता फिरवू नका, रिकामा करून पुन्हा भरा. आलेख वरखाली सरकलेले दिसतात, तो पिठाच्या कणांचा प्रताप. तो घालवायला एसएनव्ही (प्रत्येक आलेख एकाच मापावर आणणं) आणि पहिला डेरिव्हेटिव्ह (आलेखाचा उतार) लावा.

पुढे पीसीए (नमुन्यांचे गट आपसूक पडतात का ते बघणं), मग पीएलएस-डीए (आजऱ्याचे आणि बाहेरचे नमुने वेगळे करायला मॉडेलला शिकवणं). पडताळणीला एका शेतकऱ्याचे सगळे स्कॅन एकगठ्ठा बाजूला काढा. त्यातले थोडे शिकवायला आणि थोडे तपासायला वापरणं म्हणजे पेपर फोडणं.

वासाचं काय, हे हमखास विचारतात. सुवासिक तांदळातलं मुख्य संयुग, 2-असिटाइल-1-पायरोलीन, इतकं सूक्ष्म असतं की एनआयआरला ते दिसतच नाही. त्याला दिसतं स्टार्च, प्रथिनं, पाणी, थोडा स्निग्धांश. मातीसुद्धा नाही. प्रकरण वादाचं असेल तर नमुना आयसीपी-एमएसला, म्हणजे दाण्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राकडे, पाठवा. रुबिडियम, स्ट्रॉन्शियमचं प्रमाण तिथे कळतं. आणि अहवालात ‘आजऱ्याचा नाही’ असं ठोकून देऊ नका. ‘आमच्याकडच्या आजरा नमुन्यांशी जुळत नाही’ एवढंच लिहा; ते नमुने किती आणि कुठल्या हंगामांचे, तेही त्याच पानावर.