तेल महागलं, तर चकलीचा भाव किती वाढवायचा?

लातूरला गंजगोलाईजवळ माझा फराळाचा गृहउद्योग आहे. मी, माझी जाऊ आणि दिवाळीत तळणाला येणाऱ्या सहा बायका. 2024 साली गणपतीतच दिवाळीच्या तीन मोठ्या ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या, 360 रुपये किलोने 140 किलो चकली. आणि 14 सप्टेंबरला कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क वाढलं. उपकर-अधिभार धरून साडेपाच टक्क्यांवरून थेट साडेसत्तावीस. रिफाइंड तेलावर 13.75 वरून 35.75. आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, तेव्हा झळ आपल्या कढईला बसणारच होती. माझा 15 किलोचा डबा 1,700 चा 2,150 झाला.

त्या आठवड्यात ओळखीच्या दोघी-तिघींनी सगळ्या फराळाचा भाव सरसकट वीस टक्क्यांनी वाढवला. "शुल्कच तेवढं वाढलंय ना," असं त्यांचं म्हणणं. चूक इथेच होते. शुल्क बंदरावर उतरलेल्या तेलाच्या किमतीवर आहे, तुमच्या चकलीच्या भावावर नाही. चकलीत भाजणी आहे, गॅस आहे, मजुरी आहे, डबे-पिशव्या आहेत. त्यातलं काहीही त्या दिवशी महागलं नव्हतं.

म्हणून आधी तेल मोजा. अंदाजाने नाही, वजनकाट्यावर. सकाळी तेलाचा डबा काट्यावर ठेवून आकडा लिहा. दिवसभराचे घाणे झाले की कढईतलं उरलेलं तेल आणि चाळणीखाली निथळलेलं तेल गार करून पुन्हा मोजा. काळं पडून टाकावं लागलेलं तेल खर्चातच धरा. मी तीन दिवस मोजलं तेव्हा 10 किलो चकलीला सरासरी 2 किलो 800 ग्रॅम तेल गेलं, म्हणजे किलोला 280 ग्रॅम. किलोमागे तेल 30 रुपयांनी वाढलं होतं, तर एका किलो चकलीवर बोजा आला 8 रुपये 40 पैसे. 360 रुपयांवर वीस टक्के लावले असते तर 72 रुपये झाले असते. उरलेले 63 रुपये 60 पैसे कशाचे, हे गिऱ्हाइकाने विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुपातल्या बेसन लाडवाला तर तेलाचा थेंबही लागत नाही, त्याचा भाव मी हलवला नाही.

डबे तपासताना दोन गोष्टी बघा. एक, डबा 15 किलोचा की 15 लिटरचा. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे 15 लिटरच्या डब्यात सव्वा किलोहून जास्त तेल कमी असतं. भाव करताना हे विसरलात तर सगळा हिशेब चुकतो. दुसरं, पॅकिंगची तारीख वाचा. माझ्या ठोक दुकानदाराने शुल्क लागलं त्याच संध्याकाळी गोदामातल्या जुन्या डब्यांना नवा भाव लावला. मला फार राग आला. पुढच्या दोन-तीन दिवसांत केंद्राच्या अन्न खात्यानेच तेल कंपन्यांच्या संघटनांना बोलावून सांगितलं, की कमी शुल्कात आलेलं सुमारे 30 लाख टन तेल देशात आहे, 45 ते 50 दिवस पुरेल, तोवर छापील किंमत वाढवू नका. ती बातमी आणि डब्यावरची ऑगस्टची तारीख दाखवल्यावर त्याने दोन डबे जुन्या भावाने दिले. नीट बोललं, कागद दाखवला, तर मिळतं.

आता कोणी सोसायचं? दिलेला शब्द आपण सोसायचा. त्या 140 किलोच्या ऑर्डरीत मला रात्रभर झोप लागली नव्हती. सकाळी वही काढली: तेल लागणार 39 किलो 200 ग्रॅम, त्यातलं 30 किलो जुन्या भावाचं, उरलं 9 किलो 200 ग्रॅम, त्यावर खोट 276 रुपये. एवढ्यासाठी मी तीन गिऱ्हाइकांना फोन करून भाव वाढवून मागणार होते.

वीस रुपयांचं छोटं पाकीटही आपणच सोसा. 50 ग्रॅमवर बोजा 42 पैसे, आणि पंचवीस करायचं म्हणजे पोरांच्या खिशातले पाच रुपये उगाच काढायचे. वजन गुपचूप 45 ग्रॅम करणं तर त्याहून वाईट. नव्या किलोच्या ऑर्डरीला मात्र मी 368 लावले, आणि का लावले ते दुकानातल्या फळ्यावर तेलाच्या भावासकट लिहिलं. त्या आठ रुपयांवर आपला नफा चढवायचा नाही. फळा वाचून एकही गिऱ्हाईक परत गेलं नाही.

बायकांच्या मजुरीला हात लावू नका. कंपनी सोसणार की गिऱ्हाईक, एवढंच सगळे बोलतात, आणि खोट मुकाट्याने किलोवर चकली पाडणारीच्या हातून कापली जाते. आमच्याकडे रेट होता तोच राहिला.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. हे शुल्क सोयाबीनवाल्याला भाव मिळावा म्हणून वाढवलं होतं. मी शेतकऱ्याची मुलगी, त्याला माझी ना नाही, गिऱ्हाइकालाही मी तेच सांगत होते. पण त्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना माझ्या भावाचं सोयाबीन मोंढ्यात त्याच्या खालीच गेलं. गिऱ्हाइकाने आठ रुपये जास्त दिले, ते त्याच्या बांधापर्यंत पोचले नाहीत.

भाव उतरला की आपणही उतरायचं, हे वाढवतानाच वहीत लिहून ठेवा. 30 मे 2025 ला कच्च्या तेलावरचं शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आलं. शुल्क उतरलं म्हणून तेल लगेच तेवढंच उतरत नाही, परदेशातला भाव आणि डॉलरही बघावा लागतो, म्हणून बातमीवर न जाता डब्याच्या बिलावर जा. माझा डबा जुलैत दीडशेने उतरला. किलोला 280 ग्रॅमच्या हिशेबाने 2 रुपये 80 पैसे. त्याच दिवशी फळ्यावरचे 368 खोडून 365 लिहिले, शेजारी तारीख घातली.