बाईकची बॅटरी खरंच गेलीये का, घरीच मल्टीमीटरने कसं बघायचं

सेल्फ मारला की नुसतं टक टक टक होतं, मीटरचे लाईट मंद होतात, आणि लगेच शेजारचा कुणीतरी सांगतो बॅटरी गेली, बदलून टाक. बदलायच्या आधी प्लीज अर्धा तास काढा. बॅटरी नुसती उतरलेली असू शकते, टर्मिनल सैल असू शकतं, नाहीतर गाडी तिला चार्जच करत नसेल, आणि असं असलं तर नवीन बॅटरीपण थोड्याच दिवसात झोपणार. एकाच रीडिंगवरून हे कळत नाही, तीन घ्यावी लागतात: गाडी बंद असताना, सेल्फ मारताना आणि इंजिन चालू असताना. साधा डिजिटल मल्टीमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं छोटं मीटर) पुरतो.

खालचे आकडे १२ व्होल्टच्या लेड ॲसिड बॅटरीचे आहेत, मग ती पाणी टाकायची असो की सील्ड. लिथियमवाल्यांनी हे आकडे लावू नका, ती फुल असताना बंद गाडीत १३ च्या वरच दाखवते.

आधी नुसतं बघून घ्या. केस फुगलीये, तडा गेलाय, ॲसिड गळतंय, तर टेस्ट करत बसू नका, ती बदलायचीच. टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट थर असेल तर घासून साफ करा आणि बोल्ट नीट आवळा, बऱ्याच गाड्या एवढ्यावरच चालू होतात. वायर काढताना मायनस आधी, लावताना प्लस आधी. हे उलटं केलं आणि प्लसवरचा पाना चुकून फ्रेमला टेकला तर सरळ शॉर्ट होतो, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो त्यामुळे ठिणगी, सिगरेट वगैरे लांबच पाहिजे.

आता पहिलं रीडिंग. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी चावी न लावता मोजा. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर, लाल पिन प्लसला, काळी मायनसला. १२.६ ते १२.८ आलं म्हणजे फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. आत ६ सेल असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, त्यामुळे चार्ज करूनसुद्धा आकडा साडेदहाच्या आसपासच अडकला तर एक सेल गेलाय असं समजा.

पण १२.७ दिसलं म्हणून बॅटरी ठणठणीत असं अजिबात समजू नका. हा आकडा ती किती भरलीये एवढंच सांगतो, लोड आल्यावर ती करंट देईल का ते सांगत नाही. जुन्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट जमतं, ती पटकन फुल दाखवते आणि सेल्फ मारला की बसते. त्यामुळे १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. चार्जरचा करंट बॅटरीच्या एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीवर लिहिलेली तिची क्षमता) दहाव्या भागाएवढा, म्हणजे ५ एएचला अर्धा अँपिअर, कारचा मोठा चार्जर लावू नका. चार्ज झाल्यावर वायर न जोडता रात्रभर ठेवा, सकाळी परत १२.३ वर आली असेल तर ती चार्ज धरत नाहीये.

दुसरं रीडिंग सगळ्यात महत्त्वाचं. फुल चार्ज बॅटरी, गाडी न्यूट्रलला, पिना टर्मिनलवर धरून सेल्फ मारा आणि तेव्हा आकडा किती खाली जातो ते बघा. चांगली बॅटरी १० च्या वर राहते. साडेनऊच्याही खाली गेली तर तिचं आयुष्य संपत आलंय, खूप थंडी असेल तर थोडी सूट द्या. आणि आकडा १२ च्या वरच राहिला तरी सेल्फ फिरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच), वायर किंवा सेल्फ मोटर बघा. यात एक उपयोगी गोष्ट, एक पिन बॅटरीच्या टर्मिनलवर आणि दुसरी त्यालाच जोडलेल्या वायरच्या टोकावर धरून सेल्फ मारा, आकडा जवळजवळ शून्य पाहिजे, अर्धा व्होल्ट दिसला तर जॉइंटच खराब आहे.

तिसरं, गाडी चालू करून ४०००-५००० आरपीएमला रेस धरा. १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. साडेबाराच्या आसपासच राहिलं तर चार्जिंग होत नाहीये, स्टेटर (इंजिनवर वीज बनवणारी कॉइल), रेक्टिफायर (ती वीज डीसी करणारा भाग) आणि त्यांचे कनेक्टर चेक करा. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय, तो बॅटरी उकळवून मारतो. चार्जिंग बघायला चालू गाडीची बॅटरी वायर काढायची पद्धत काही जण वापरतात, कृपा करून करू नका, व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

पाणी टाकायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायची नळी) प्रत्येक सेल बघता येतो, फुल चार्जला १.२६५ च्या आसपास येतं, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो गेला. लेव्हल कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नाही.

तिन्ही आकडे बरोबर आणि तरी दोन-तीन दिवस उभी ठेवली की उतरते? मग गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. चावी काढून मायनस वायर सोडा, मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून वायर आणि टर्मिनलच्या मधे जोडा, यावेळी चावी किंवा सेल्फ चुकूनही नको, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. थोडे मिलीअँपिअर चालतात, घड्याळ आणि ईसीयूला लागतातच. त्यापेक्षा बरंच जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल त्या लाईनवर चोर आहे, आणि बाहेरून बसवलेला अलार्म, जीपीएस किंवा मोबाईल चार्जर असेल तर सगळ्यात आधी तोच काढून बघा.