घरच्यांना घेऊन अल्बकर्कीच्या बलून फिएस्टाला जाताय? मग आधी एवढं ठरवा

आईबाबा भारतातून आले की नायगारा, ग्रँड कॅन्यन सगळेच दाखवतात, पण ऑक्टोबरमध्ये ते इथे अमेरिकेत असतील तर न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बकर्कीचा बलून फिएस्टा, म्हणजे गरम हवेच्या मोठ्या बलूनचा उत्सव, अजिबात सोडू नका. नऊ दिवस चालतो, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारपासून. 1972 मध्ये एका मॉलच्या पार्किंगमधून 13 बलून उडाले तिथून हे सुरू झालं, आणि आता एका सकाळी पाचशेच्या आसपास बलून डोक्यावर असतात.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, किमान दोन सकाळी हातात ठेवा. आम्ही पहिल्या वेळी एकच सकाळ ठेवली होती, मुलांना साडेतीनला उठवलं, सासूबाई तर तीनलाच आंघोळ करून तयार, आणि ग्राउंडवर पोचल्यावर वारा जास्त म्हणून लाल झेंडा. हिरवा म्हणजे उडणार, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे रद्द. मुलगी रडली, आणि दुपारी परत निघायचं होतं त्यामुळे दुसरा चान्सच नव्हता. पुढच्या वर्षी तीन रात्री राहिलो तेव्हा कुठे डोळे भरून बघायला मिळालं. हॉटेलं त्या आठवड्यात खूप महाग होतात, म्हणून कित्येक महिने आधी बुक करा आणि थोडं लांबचं चालत असेल तर लांबचं घ्या.

एवढ्या पहाटे कशाला, असं घरचे विचारणारच, तर त्याचं कारण त्यांना सांगा म्हणजे उठायला कुरकुर होत नाही. बलूनला स्टिअरिंग नसतं, पायलट फक्त वर किंवा खाली जाऊ शकतो, आणि ज्या उंचीवर जसा वारा असेल तसं जायचं. अल्बकर्कीत रात्रीची थंड हवा रिओ ग्रँडे नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे उतरते आणि पुष्कळदा त्याच्या वरच्या थरात वारा बरोबर उलटा, उत्तरेकडे वाहत असतो. म्हणजे खालच्या वाऱ्याने दक्षिणेला जायचं, मग वर चढायचं आणि वरच्या वाऱ्याने परत यायचं, कधीकधी तर जिथून उडाला त्याच्या जवळच उतरतो! याला तिथे बॉक्स म्हणतात. ऊन चढलं की जमीन तापते आणि हे सगळं मोडतं, म्हणून खेळ सकाळचाच.

सहाच्या सुमाराला अंधारात थोडे बलून आधी वर जातात, त्याला डॉन पेट्रोल म्हणतात, त्यांच्यावरून बाकीच्या पायलटना वाऱ्याचा अंदाज येतो. सातनंतर मग एकामागून एक सगळे सुटतात. आपण दोरीमागे उभं राहायचं नसतं, सरळ बलूनच्या मधून फिरता येतं, कापड फुगताना, हवा तापवणारा बर्नर पेटताना अगदी जवळून दिसतं. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे कपडे घातलेली माणसं शिट्ट्या वाजवत एकेका बलूनला सोडतात, त्यांना झेब्राच म्हणतात, त्यांनी बाजूला व्हा म्हटलं की लगेच व्हायचं. कापडावर, दोऱ्यांवर पाय पडू देऊ नका. बर्नरचा आवाज एकदम मोठा येतो, लहान बाळ असेल तर कान झाकणारं काहीतरी घ्याच.

आता कपडे. पहाटे पाच-सात डिग्री असतं आणि दुपारी वीसच्या वर, त्यामुळे एकच जाड जॅकेट नको, एकावर एक घाला, कानटोपी आणि हातमोजे आजीआजोबांना नक्की. जागा पाच हजार फुटांवर आहे, महाबळेश्वरपेक्षा उंच, वयस्कर माणसांना चालताना धाप लागू शकते, पाणी पाजत राहा आणि घाई करू नका.

गाडी ग्राउंडपर्यंत स्वतः नेण्यापेक्षा पार्क अँड राइडच्या, म्हणजे गाडी लांब लावून पुढे न्यायच्या, बसचं तिकीट आधी ऑनलाइन काढलेलं बरं, त्यात प्रवेशही येतो. सकाळचं आणि संध्याकाळचं तिकीट वेगवेगळं असतं, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेशाचं तिकीट लागत नाही. ड्रोन आणि कुत्रा घरीच ठेवा.

खायला आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, पण तिथला ब्रेकफास्ट बरिटो हवाच, पोळीसारख्या टॉर्टियात गुंडाळलेला बटाटा, अंडं आणि भाजलेली हिरवी मिरची. शाकाहारी असाल तर मांस नको हे ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगा. मिरची लाल की हिरवी हा त्या राज्याचा चक्क अधिकृत प्रश्न आहे, दोन्ही हव्या असतील तर ख्रिसमस म्हणायचं. बाबांना हिरवी इतकी आवडली की दुसऱ्या दिवशीही तीच.

मुलांसाठी एक खास गोष्ट. बऱ्याच पायलटकडे आपल्या बलूनच्या फोटोचं छोटं कार्ड असतं, मुलांनी नीट मागितलं की देतात. आमच्या दोघांनी दोन दिवसांत 31 जमवली आणि त्या निमित्ताने किती पायलटशी बोलले! वेगळ्या आकारांचे बलून, म्हणजे गाय, मधमाशी वगैरे, मुलांना सगळ्यात आवडतात, त्यांचे खास दिवस गुरुवार-शुक्रवारच्या आसपास असतात, जमलं तर सहल तेव्हाच ठेवा. संध्याकाळच्या ग्लोमध्ये बलून उडत नाहीत, जमिनीवरच कंदिलासारखे उजळतात, तेही चुकवू नका.

दुपारी झोप झाली की शेजारच्या बलून म्युझियमला जा. 1978 मध्ये बलूनमधून पहिल्यांदा अटलांटिक ओलांडणाऱ्या तिघांपैकी अँडरसन आणि अब्रुझो यांच्या नावाचं आहे. तिथे मुलांना आवर्जून सांगा की 2005 मध्ये विजयपत सिंघानियांनी आपल्या मुंबईतून उडून हॉट एअर बलूनने 21 किलोमीटरच्या वर उंची गाठली होती. माझ्या मुलाला ते ऐकून इतका आनंद झाला की तो आजोबांना दोनदा सांगून आला.

सकाळी बलून गेले की लगेच बसकडे पळू नका, तेव्हा सगळे एकदम निघतात. थर्मासमधला चहा तेव्हासाठीच ठेवा, गवतावर चादर टाका आणि निवांत बसा, सांडिया डोंगराकडे उन्हात शेवटचे बलून बारीक होत जाताना दिसतात.