डॉक्टरकडे येण्याआधी एक पान लिहा

मानसोपचार विभागात आलेल्या, नशा करणाऱ्या पेशंटची पहिली माहिती मी लिहून घेते. "काय काय घेतो?" असं विचारलं की आई म्हणते, "फक्त दारू." थोड्या वेळाने बायको मला पॅसेजमध्ये गाठते, "मॅडम, गोळ्या पण आहेत." आणि गांजाचं फक्त धाकट्या भावाला माहीत असतं. म्हणून घरच्यांनी येण्याआधीच एकत्र बसून एक पान लिहावं. पेशंट शुद्धीवर असेल तर त्यालाही बसवा, त्याच्या पाठीमागे लिहू नका.

नशा ज्या नावाने मिळते त्याच नावाने लिहा: देशी, गांजा, एमडी (मेफेड्रोन पावडर), बटन किंवा मालेगावकडची कुत्ता गोळी (या गुंगीच्या गोळ्या), खोकल्याचं औषध. रोज किती, कशासोबत आणि शेवटचं कधी घेतलं, हेही पाहिजे. गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत आणा. सिगारेटही लिहायला विसरू नका. तिच्या धुरामुळे ओलान्झापिन, क्लोझापिन ही मानसिक आजाराची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. वॉर्डात सिगारेट बंद झाली की तोच डोस जास्त होऊ शकतो.

पानाच्या मागच्या बाजूला मनाचं लिहा. "मी उदास आहे" असं पुरुष क्वचितच म्हणतात, त्यामुळे तुम्हाला जे दिसलं ते लिहा: रात्रभर येरझाऱ्या, बायकोवर संशय, एकट्याने बोलणं, अंघोळ बंद, अंगावर धावून जाणं. नक्की तारखा आठवणार नाहीत. दहावीनंतर, लग्नाआधी, मुलगी झाली तेव्हा, असं चालेल.

आता सगळ्यात मोलाचा प्रश्न. नशा बंद होती तेव्हा तो कसा होता? कुणी श्रावण पाळतो, कुणी वारीला जाताना सोडतो, कुणी पाय मोडून घरी पडलेला असतो. तेव्हा झोप लागायची का? आवाज ऐकू यायचे का? दारू बंद असताना गांजा चालू होता का, हेही आठवा. साधारण महिनाभर सगळं बंद असूनही भास किंवा उदासी तशीच राहिली, तर आजार नशेपासून वेगळा असण्याची शक्यता वाढते. याचा अर्थ महिनाभर थांबून मग या, असा मुळीच नाही. दोन्हींचे उपचार एकत्रच चालायला हवेत.

खोलीत कोंडून सगळं एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याची दारू तुटली की ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जातो. झोपेच्या गोळ्या अचानक थांबवल्यावरही फिट येऊ शकते. प्यायलेल्या माणसाला झोपेची गोळी देऊ नका, श्वास मंदावतो. दारू सोडवण्याचं औषध चहातून चोरून देऊ नका, त्यावर तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं. फिट आली, श्वास अडकला, तर १०८.

"मी नसलेलाच बरा," असं तो म्हणाला तर पान बाजूला ठेवा. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीचं औषध घरातून हलवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी घेऊन या. रात्र असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन चोवीस तास चालू असतो. नशामुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे.