घराजवळच्या तलावात देशी मासे उरले का, कसं बघायचं आणि काय करायचं (नागपूरकरांसाठी)

फुटाळ्यावर, अंबाझरीवर, सोनेगावला रोज सकाळी फिरायला जाणारे हजारो लोक आहेत पण पाण्यात कोणता मासा आहे हे बघणारे फार कमी, म्हणून हे लिहितोय. यासाठी कुठली डिग्री लागत नाही. एक थर्मामीटर, फोन, एक वही आणि मे महिन्यात पहाटे उठायची तयारी, बस.

मे महिनाच का, ते आधी सांगतो. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, उथळ तलाव चांगलाच तापतो, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम राहतो, ३० ला साडेसातच्या आसपास येतो, आणि हे स्वच्छ पाण्याचं झालं, आपल्या तलावांत तर सांडपाणीही येतं. दिवसा शेवाळ आणि वनस्पती ऑक्सिजन सोडतात पण रात्री सगळेच तो वापरतात, त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. सूर्य उगवायच्या आधी गेलात आणि मासे पृष्ठभागावर तोंड वर करून सारखे हापके मारताना दिसले तर समजा पाण्यात दम राहिलेला नाही. वहीत तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, जागा लिहा. दर वेळी तीच जागा आणि तीच वेळ ठेवा, नाहीतर आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

आता तिलापिया. हा आफ्रिकेचा मासा, १९५२ मध्ये भारतात आणला, लवकर वाढतो आणि स्वस्तात पोट भरतो म्हणून. गरम पाणी आणि कमी ऑक्सिजन हा आरामात सोसतो, दोन-तीन महिन्यांचा झाला की अंडी द्यायला तयार, आणि मादी अंडी तोंडात सांभाळते म्हणून पिल्लं वाचतात भरपूर. आपले बरेचसे देशी मासे मात्र पहिल्या पावसाच्या लोंढ्याची वाट बघतात, वर्षातून एकच मोसम, आणि पाऊस उशिरा आला किंवा महिन्याभराचा दोन दिवसांत पडून गेला की तो मोसमही हुकतो, तर तिलापिया वर्षात अनेकदा पिल्लं काढून मोकळा. म्हणजे हवामान बिघडतंय त्याचा फायदा नेमका परक्याला मिळतोय, आणि मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

तिलापिया आहे का हे बघायला जाळं नको. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाच्या उथळ तळाला ताटाएवढे गोल खड्डे दिसतात, एकाला एक लागून. ती नराने खणलेली घरटी. फोटो काढा, बाजूला चप्पल ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि खड्डे मोजा. पुढच्या मे महिन्यात परत मोजा.

देशी माशांसाठी जुलै-ऑगस्टमध्ये जा. मरळीची पिल्लं लालसर रंगाची असतात, पाण्यावर एकत्र झुंड करून फिरतात आणि आई-बाप खालून राखण करतात. अशी झुंड दिसली की तिथे दगड मारू देऊ नका, कोणी गळ टाकत असेल तर नीट समजावून सांगा, कारण पालक गेले की पिल्लं गेलीच. शिंगी दिसली तर हात लावू नका, तिच्या काट्यात विष असतं. आणि काठाला छोटे मासे दिसले तर डोक्यावर चांदीसारखा ठिपका चमकतोय का बघा, तो आपला देशी डासखाऊ मासा. गप्पी आणि गॅम्बुशिया परदेशातून डासांसाठीच आणलेले, गॅम्बुशिया १९२८ मध्ये. घरच्या बंद टाकीत गप्पी ठीक आहे, पण तलावात ओतू नका.

थाई मांगूरचं वेगळं सांगावं लागतं, कारण बाजारात तो नुसता मांगूर म्हणून विकला जातो. खरा तो आफ्रिकन, देशात त्याच्या पैदाशीवर २००० सालापासून बंदी आहे, देशी मांगूर हातभर झाला तरी खूप, हा मीटरच्या वर जातो आणि दिसेल ते खातो. मिशावाला खूप मोठा आणि अंगावर डाग-डाग असलेला दिसला तर घेऊ नका.

आणि अ‍ॅक्वेरियम. टाकी साफ करणारा सकर मासा घेतो, तो फूटभर होतो, मग पोरं म्हणतात तलावात सोडू, बिचारा जगेल. तो जगतोच हो! अंगावर हाडांची ढाल, जाळी फाडतो, आणि नर काठाच्या मातीत बिळं खणतात. अंबाझरीचा बांध मातीचा आहे, १८७० चा. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या कोणाच्या टाकीत द्या, पण पाण्यात नाही, विसर्जनाच्या वेळीही नाही, पुण्य म्हणूनही नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन घराघरांत पाणी शिरलं होतं, अशा पुरात तलावातलं सगळं नाग नदीत, तिथून कन्हान आणि वैनगंगेत जातं.

काठाकडेही बघा. पूर्ण सिमेंटची भिंत केली की अंडी घालायला जागाच उरत नाही. जलपर्णी आणि बेशरमाची झुडपं काढा, पण कमळ, हायड्रिला या पाणवनस्पती राहू द्या, सरसकट सगळं साफ करायचा आग्रह धरू नका. भंडारा-गोंदियाच्या ढिवर म्हणजे मासेमार समाजाच्या लोकांनी मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावांत बेशरम काढून देशी वनस्पती लावल्या आणि देशी मासे परत आले, हे काम आपल्यापासून दोन-तीन तासांवर झालंय, एकदा जाऊन बघा. आपल्या तलावावर जाळं टाकणारे काका असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारा की पूर्वी कोणते मासे यायचे, कोणता कधीपासून दिसत नाही. गावातली नावं जशी सांगतील तशीच लिहा.

फोटो काढताना मासा ओल्या हातात, आडवा धरा, पाठीवरचा पर आणि शेपटी पूर्ण दिसली पाहिजे, मग आयनॅचरलिस्टवर (जीवजंतूंच्या नोंदी करायचं अ‍ॅप) तारीख आणि जागेसकट टाका. देशी असेल तर लगेच पाण्यात परत, पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नका. परका असेल तर तो पाण्यात परत टाकू नका, तिथल्या मच्छीमार काकांना द्या.