जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताय? या चुका टाळा

कॅसेटचा खोका माळ्यावरून खाली आला की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" त्यावर मी विचारतो, कॅसेटकडे नीट बघितलंत का? की समोर शांतता. सॉफ्टवेअरचं नंतर बघू. निम्मी दुखणी कॅसेट आणि व्हीसीआरमधली असतात आणि उरलेली बरीचशी आपल्या घाईची.

बुरशी न बघता कॅसेट आत ढकलणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा लांबण लावतो. तेरा कॅसेटचा खोका होता. चौथ्या कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरट ठिपके दिसत होते. म्हटलं, धूळ असेल. दहा मिनिटं चित्र ठीक होतं, मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. कॅसेट काढली, पाचवी घातली, तरी मुंग्याच. मी आपला केबल हलवतोय, सॉफ्टवेअर बंद-चालू करतोय. सहावी घातली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: चौथीवरची बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या टोकावर, बसली होती आणि तिथून मी ती दोन चांगल्या कॅसेटना स्वतःच्या हाताने लावली होती.

आता माझा नियम एकच. प्रत्येक कॅसेट दिव्याखाली तिरकी धरून रिळाची सपाट बाजू बघायची. ती काळी, एकसारखी चकचकीत हवी. पांढरी भुकटी, जाळी किंवा डाग दिसला की ती कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद पिशवीत जाते, आणि तिची पाळी सगळ्यात शेवटी, वेगळ्या व्हीसीआरवर. त्यातलं चित्रीकरण दुसरीकडे कुठेच नसेल तर मी तीही हिंमत करत नाही, हे काम रोज करणाऱ्या माणसाकडे देतो.

हेड साफ करायचं तर आधी प्लग काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल शक्य तितकं शुद्ध घ्या, 99 टक्केवालं. शॅमॉय चामड्याची काडी त्यात भिजवून ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला) हलकीच टेकवायची, ती स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून सावकाश फिरवायचा. काडी वर-खाली घासलीत तर हेडचं टोक तुटतं आणि व्हीसीआर भंगारात जातो. कान कोरायचा कापूस तर लांबच ठेवा, त्याचे धागे हेडला अडकतात. कोरडी घासणारी क्लीनिंग कॅसेट हा आळशी माणसाचा उपाय आहे. ती हेडही झिजवते. मी वापरत नाही.

सुरुवातीची दोन मिनिटं बघून "झालं!" म्हणणं

एका हौशी नाटकाची तीन तासांची कॅसेट उतरवली. सुरुवात बघितली, ओठ आणि शब्द जुळत होते. फाइल देऊन मोकळा झालो. आठ दिवसांनी फोन आला: "तिसऱ्या अंकात नायिका दार आपटून जाते, आणि आवाज ती गेल्यावर येतो." उघडून बघितलं तर खरंच. दार बंद, रंगमंच रिकामा, दोन सेकंद शांतता, आणि मग धाड!

कारण साधं आहे. जुन्या टेपचा सिग्नल थरथरतो. प्रत्येक ओळ ठरल्या क्षणी येत नाही, आणि चित्रीकरण जिथे थांबवून पुन्हा सुरू केलंय तिथे तर तो तुटतोच. कॅप्चर करणाऱ्या, म्हणजे व्हीसीआरचा सिग्नल कॉम्प्युटरला देणाऱ्या यंत्राला असा सिग्नल पकडता आला नाही की ते फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, सोडून देतं. आवाज मात्र अखंड येत राहतो. पॅलमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीत, सेकंदाला 25 फ्रेम असतात, म्हणजे तीन तासांत 50 फ्रेम गळल्या की आवाज दोन सेकंद मागे.

यावर मी केलेला शहाणपणा ऐका. आवाजाची पट्टी थोडी आकसून शेवट जुळवला. शेवट जुळला आणि मधला अंक बिघडला, कारण फ्रेम सारख्या अंतराने गळल्याच नव्हत्या. चार जागी घोळक्याने गळल्या होत्या. शेवटी अख्खी कॅसेट पुन्हा उतरवली.

खरा इलाज म्हणजे टाइम बेस करेक्टर, थरथरणारा सिग्नल पुन्हा वेळेत बसवणारं यंत्र. पण तो मिळणं मुश्कील, म्हणून मी जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये लावतो: व्हीसीआरमधून रेकॉर्डरमध्ये आणि तिथून कॉम्प्युटरला. सगळी मॉडेल कामाची नसतात, पण बरीचशी सिग्नलला शिस्त लावतात. आवाज चित्राच्याच कॅप्चर यंत्रातून घ्या, वेगळ्या साउंड कार्डातून नको, कारण दोघांची घड्याळं वेगळी चालतात. यूएसबी थेट कॉम्प्युटरला लावा, हबला नको. स्लीप आणि अँटिव्हायरसचं स्कॅन बंद. व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉप झालेल्या फ्रेमचा आकडा दिसतो, त्यावर डोळा ठेवा. शेवटची पाच मिनिटं बघितल्याशिवाय मी आता कुठलीच फाइल झाली म्हणत नाही. टाळी, दार, चेंडूचा टप्पा, असं काहीतरी शोधायचं.

तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. "दुप्पट वेगाने होईल का?" असं विचारणाऱ्याने हा नाद सोडावा.

एचडीएमआयच्या स्वस्त डबीचा मोह

व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये डबी लावली की चित्र 1080 होतं म्हणे. होतं ते फुगवलेलं. व्हीएचएसच्या, म्हणजे या नेहमीच्या व्हिडिओ कॅसेटच्या, सेकंदात 25 फ्रेम म्हणजे प्रत्यक्षात 50 फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) असतात, आणि यातल्या बऱ्याच डब्या अर्धी फील्ड फेकून हालचाल झटके देणारी करतात. पॅल कॅसेट 720 बाय 576 मध्ये, इंटरलेस्डच, म्हणजे अर्धी चित्रं गुंफलेली तशीच, ठेवून उतरवा. हलणाऱ्या हाताला फणीचे दात दिसले म्हणून घाबरू नका, ते तसेच असतात. मूळ फाइल तशीच ठेवून, बघायच्या प्रतीत डीइंटरलेस करून (ती गुंफण सोडवून) सेकंदाला 50 फ्रेम करा.

मूळ फाइल थेट छोट्या एमपी4 मध्येही नको. चित्र न बिघडवता साठवणारा हफवायुव्ही फॉरमॅट तासाला साधारण 30 जीबी घेतो, थोडं दाबून साठवणारा डीव्ही 13 जीबी. डिस्क फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर फाइल 4 जीबीची झाली की काम थांबेल, हे आधी बघा.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या

चित्र काळं-पांढरं येतंय? सॉफ्टवेअरमध्ये पॅलच्या जागी एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) निवडलंय, किंवा एस-व्हिडिओ हे वेगळ्या केबलचं इनपुट निवडून साधी पिवळी केबल लावली आहे.

मध्येच निळा पडदा येतो? तो व्हीसीआर स्वतः दाखवतो. मेन्यूतून बंद करा, खाली अंधूक का होईना चित्र सापडतं.

घरगुती कॅसेटवर "कॉपी प्रोटेक्टेड" असा संदेश आला तर सिग्नल डळमळीत आहे. वर सांगितलेला रेकॉर्डर मध्ये लावून बघा.

वर्षानुवर्षं न चाललेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणा, मग प्ले.

कॅसेटच्या कडेची रेकॉर्डिंग रोखण्यासाठी मोडायची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडली नसेल तर आधी मोडा. अंधारात प्लेऐवजी रेकॉर्ड दाबणारी माणसं मला माहीत आहेत.

मिनीडीव्हीची (छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची) कॅसेट पिवळ्या केबलने घेऊ नका, ती मुळात डिजिटल आहे. फायरवायर या डिजिटल केबलने जशीच्या तशी येते.

आणि चित्राच्या तळाशी थरथरणारी रेघ. तिचा स्क्रीनशॉट मला सतत येतो, खाली "व्हीसीआर गेला का?" असं लिहून. नाही गेला. ड्रमवरची हेड आलटून-पालटून टेप वाचतात, एका हेडकडून दुसऱ्याकडे जाताना ती येतेच. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची, कॉम्प्युटरवर उघडी पडते, एवढंच. बघायच्या प्रतीत तिच्यावर काळी पट्टी टाका आणि पुढची कॅसेट लावा.