कनेक्शन तुटलंय, पण नेमकं कुठे?

रिपोर्टिंगच्या कामाला लागले त्याच महिन्यात पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या साधनातला एक रिफ्रेश, म्हणजे रिपोर्टमध्ये ताजा डेटा आणण्याचं काम, अडकला. घाबरून मी पासवर्ड पुन्हा टाकला, डेटा सोर्स काढून नव्याने जोडला, गेटवे (ऑफिसमधला डेटा पॉवर बीआयच्या क्लाउडपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट केला. एवढी उलथापालथ केली की मूळ बिघाड काय होता तेच कळेना. तेव्हापासून कशालाही हात लावण्याआधी एरर शेवटपर्यंत वाचते आणि आपली मागणी कुठपर्यंत जाऊन परत फिरली ते ठरवते.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा 'लॉगिन फेल्ड', म्हणजे १८४५६ क्रमांकाचा एरर आला की नवी मंडळी नेटवर्कवाल्यांना फोन लावतात. पण इथे तर सर्व्हरने उत्तर दिलंय! म्हणजे रस्ता मोकळा आहे, अडलंय ते ओळखीपाशी. पासवर्ड बदलला असेल किंवा डेटाबेसवरचा ॲक्सेस काढला असेल. याउलट सर्व्हर सापडतच नसेल, तर पासवर्ड कितीदाही टाका, फरक पडणार नाही. तिथे सर्व्हरचं नाव, फायरवॉल आणि पोर्ट (सर्व्हरच्या कोणत्या दाराने आत जायचं तो क्रमांक) तपासायचा. पोर्ट मुद्दाम बदललेला नसेल तर तो सहसा १४३३ असतो. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-खिडकीतल्या टेस्ट-नेटकनेक्शन या कमांडला सर्व्हरचं नाव आणि पोर्ट दिला की रस्ता उघडा आहे का ते कळतं. फक्त ही चाचणी गेटवेच्या मशीनवर करा, कारण शेड्यूल्ड रिफ्रेश तिथूनच जातो, आपल्या लॅपटॉपवरून नाही.

मला सगळ्यात जास्त दमवलं ते 'माझ्याकडे तर चालतंय' या प्रकाराने. रिपोर्ट झेड ड्राइव्हवरची एक एक्सेल फाइल वाचत होता. डेस्कटॉपवर व्यवस्थित चालायचा, रात्रीचा रिफ्रेश मात्र फेल. मी गेटवेच्या मशीनवर लॉगिन करून पाहिलं, तर तिथेही फाइल उघडली. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला: झेड हे अक्षर माझ्या लॉगिनपुरतं जोडलेलं होतं. गेटवे चालतो स्वतःच्या सर्व्हिस अकाउंटखाली, त्याच्या लेखी झेड नावाचा ड्राइव्हच नाही. मग दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ रिपोर्टमध्ये आणि गेटवेमध्ये सारखाच लिहिला, गेटवेत दिलेल्या युजरला त्या फोल्डरवर वाचण्याचा अधिकार मिळवून दिला आणि रिफ्रेश झाला. 'सारखाच' हा शब्द हलक्यात घेऊ नका. एकीकडे सर्व्हरचं नाव आणि दुसरीकडे आयपी ॲड्रेस असला, तर मशीन एकच असूनही गेटवे त्यांची जोडी जुळवत नाही.

ओडीबीसी, म्हणजे वेगवेगळ्या डेटाबेसना जोडण्याची सामाईक पद्धत, वापरत असाल तर ड्रायव्हर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा ते आधी पाहा. विंडोजमध्ये दोन्हींची सेटिंग वेगळी असते, आणि गंमत अशी की ६४ बिटची सिस्टम३२ फोल्डरमध्ये सापडते. कॉलम सापडत नाही असा एरर मात्र कनेक्शनचा नव्हेच. कुणीतरी मूळ टेबलात नाव बदललेलं असतं, ते पॉवर क्वेरीच्या, म्हणजे पॉवर बीआयमध्ये डेटा आणून नीट करणाऱ्या भागाच्या, स्टेपमध्ये दुरुस्त करायचं.

आणि एक. शेड्यूल्ड रिफ्रेश लागोपाठ चार वेळा फेल झाला की पॉवर बीआय शेड्यूल बंद करून टाकतं. बिघाड काढला तरी ते आपोआप सुरू होत नाही. म्हणून शेड्यूल पुन्हा चालू करते आणि पुढच्या ठरल्या वेळेचा रिफ्रेश हिस्टरीत पूर्ण झालेला दिसला, की मगच तक्रारीचं तिकीट बंद करते.